आला, गेला, आलोच

भागूबाई हे तिचं खरं नाव नव्हे. ती सात वर्षांची असताना थोरल्या भावाने तिला भित्री भागूबाई म्हणायला सुरुवात केली. पुढे त्यातलं 'भित्री' गळून पडलं, कारण ते वेगळं सांगायची गरज उरली नाही. वडील कारखान्यात पाळीवर जायचे. त्यांची सुटायची वेळ झाली की ही दाराची कडी धरून उभी. पाच मिनिटं उशीर झाला की पोटात गोळा, दहा मिनिटं झाली की हुंदके. वडील रोज धडधाकट परत यायचे आणि हिला रोज वाटायचं, आज थोडक्यात वाचले. आईने एकदा वैतागून विचारलं, की तुझ्या रडण्याने ते लवकर येतात का. त्यावर भागूबाईने अगदी मनापासून सांगितलं, की रडले नाही तर कदाचित येणारच नाहीत.

अशा बाईने चाळिशीनंतर जी नोकरी धरली, ती ऐकून भावाने कपाळाला हात लावला. एकट्याने काम करणाऱ्या माणसांवर दुरून लक्ष ठेवणारी कंपनी होती ती. पाण्याच्या टाक्यांत उतरणारे, खांबांवर चढणारे, बॉयलरपाशी एकटे बसणारे, अशी सगळी मंडळी. प्रत्येकाच्या कमरेला काड्यापेटीहून जराशी मोठी एक डबी. डबी सुरू आहे आणि तिचा संपर्क आहे, तोवर माणूस ठीक आहे असं धरायचं. संपर्क तुटून दहा मिनिटं झाली की कंपनीच्या खोलीत बेल वाजायची, भिंतीवरच्या बोर्डावर त्या माणसाची ओळ लाल व्हायची, आणि बोर्डावर लक्ष ठेवायला बसलेली मुलगी त्या जागी फोन करायची, की बाबांनो, तुमचा माणूस बघून या. बोर्डावर चौसष्ट नावं होती. ज्या बाईला एका वडिलांची काळजी झेपत नव्हती, तिने चौसष्ट जणांची पत्करली.

खरं तर काळजी करणं हे तिचं काम नव्हतं. तिचं काम त्याच्या आधीचं होतं. या डब्या थेट कंपनीशी बोलत नसत. मधे एक दुसरी, मोठी कंपनी होती, जिच्याकडे अशा लाखो डब्यांचे संपर्क एकवटलेले असत. एखादी डबी जोडली गेली की मधली कंपनी त्याच क्षणी भागूबाईच्या सर्व्हरकडे निरोप धाडायची: अमुक डबी, अमुक वेळ, जोडली गेली. तुटली की तसाच दुसरा निरोप. आपण होऊन विचारायला जायचं नाही, निरोप आपल्या दारात येतो. याला त्या धंद्यात वेबहूक म्हणतात. निरोप्या मोठा चिवट. सर्व्हरने 'मिळालं' असं उत्तर दिलं नाही तर तो थोडं थांबून परत येणार, परत ठोठावणार. ते दार सांभाळायचं, आलेला निरोप वहीत नीट उतरवायचा, म्हणजे वही कसली, कॉम्प्युटरमधला तक्ता, आणि मगच 'मिळालं' म्हणायचं, हे भागूबाईचं काम.

ते ती जिवापाड करायची. सतरा वर्षं एका इस्पितळाच्या चौकशीच्या फोनवर बसून एक्केचाळिसाव्या वर्षी तिने प्रोग्रामिंगचा क्लास लावला होता, तोही आपल्या निम्म्या वयाच्या पोरापोरींत. त्या पोरांना घाई होती, हिला भीती होती. हिने लिहिलेल्या प्रत्येक ओळीमागे 'आणि समजा तसं झालंच नाही तर' हा प्रश्न दबा धरून असायचा. निरोप दोनदा आला तर, उशिरा आला तर, आधीचा मागून आणि मागचा आधी आला तर, या सगळ्याची तजवीज तिने करून ठेवली होती. मालकीणबाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्या म्हणायच्या की मला हुशार माणसं नकोत, मला घाबरट माणसं द्या. भागूबाईला आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या भित्रेपणाचा पगार मिळत होता.

बोर्डावरचे शब्द मात्र तिचे नव्हते. तिच्या आधीचा प्रोग्रामर मोठा मोजून-मापून लिहिणारा गडी. डबी जोडली गेली की त्याने शब्द ठेवला होता 'आला', तुटली की 'गेला'. दोन अक्षरांत काम. खोलीतही तसंच बोललं जायचं. बॉयलरवाला गेला, बॉयलरवाला आला, खांबवाला तीनदा गेला. बाहेरच्या माणसाने ऐकलं असतं तर त्याला घाम फुटला असता, पण सवयीने सगळं गुळगुळीत होतं. टाक्या धुणारा एक जण होता, तो तर त्यावर विनोद करायचा. जमिनीखालच्या टाकीत उतरला की त्याची डबी हमखास तुटायची, दहा मिनिटांनी बेल वाजायची, आणि मग वर येऊन तो स्वतःच फोन करायचा, की ताई, गेलो नाही अजून, नाव खोडू नका. त्याला खोलीतल्या कोणी पाहिलेलं नव्हतं, पण आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता.

भागूबाईचं बिनसलं ते नवरा बोर्डावर आल्यावर. नवरा शीतगृहांचा मिस्त्री. मोठमोठ्या थंड खोल्यांतली यंत्रं दुरुस्त करायला एकटा आत जायचा. आतून दार उघडलं नाही तर काय, या विचाराने हिची लग्नापासूनची झोप गेलेली. डबी लाव म्हणून तिने वर्षभर त्याचं डोकं खाल्लं, शेवटी त्याच्या कंपनीने मॅडमच्या कंपनीशी करार केला आणि नवरा एक्केचाळिसाव्या ओळीत येऊन बसला. आता निश्चिंत व्हायचं. झालं उलटंच. शीतगृहाच्या भिंती हात-हात जाड. तो आत गेला की डबी तुटायची, बाहेर आला की जुळायची. दिवसातून पंधरा-वीस वेळा नवऱ्याच्या नावापुढे उमटायचं: गेला.

आता आपल्याकडे घरातून पाय काढणारं माणूससुद्धा 'जातो' म्हणत नाही. तिचा नवरा तर चप्पल घालता घालता 'आलोच' म्हणायचा आणि आठ तासांनी उगवायचा. तुमच्या 'आलोच'चे आठ तास होतात, असं ती त्याला चिडवायची, पण तो शब्द ऐकल्याशिवाय त्याला दाराबाहेर पडू द्यायची नाही. आणि इथे भिंतीवर 'गेला', अक्षरं चार फुटी नव्हती, पण तिला ती तेवढीच दिसायची. तिने महिनाभर सोसलं. मग एका सोमवारी सकाळी मॅडमना विचारलं, की 'गेला'च्या जागी दुसरा शब्द ठेवला तर चालेल का. मॅडम फोनवर होत्या. लोकांना कळेल ना, मग कर, म्हणाल्या. भागूबाईने शब्द बदलला. 'गेला'च्या जागी 'आलोच'.

बदलल्यावर तिने तपासून पाहिलं. टेबलावरची एक जास्तीची डबी बंद केली, निरोप आला, तक्त्यात उतरला, बोर्डावर त्या डबीपुढे उमटलं: आलोच. तिला इतकं बरं वाटलं की ती दहा मिनिटं थांबली नाही. ही एवढीच चूक. आयुष्यभर दहा-दहा मिनिटं मोजत आलेली बाई त्या दिवशी दहा मिनिटं थांबली नाही.

मंगळवार शांत गेला. बुधवारी दुपारी बोर्डावर बसणारी मुलगी डबा घेऊन उठली आणि जाता जाता हसत म्हणाली, की ताई, दोन दिवस झाले, एकदाही बेल नाही, तुमच्या नव्या शब्दाचा पायगुण चांगला दिसतोय. मुलगी आतल्या खोलीत जेवायला गेली आणि भागूबाई खुर्चीत तशीच बसून राहिली.

एरवी दिवसात दोन-तीनदा तरी बेल व्हायची. बहुतेक वेळा फुकाची, कोणाची बॅटरी संपलेली, कोणी तळघरात. दोन दिवस एकही नाही?  दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. तिने पुन्हा ती जास्तीची डबी घेतली, बंद केली, आणि घड्याळाकडे बघत बसली. ज्याला कोणाला वाटतं की दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही, त्याने हे करून बघावं. पाचव्या मिनिटाला तिने स्वतःला समजावलं की उगाच घाबरतेयस. आठव्या मिनिटाला डबी खरंच बंद आहे ना, हे उलटून पाहिलं. दहावं संपलं. अकरावं संपलं. खोलीत पंख्याचा आवाज येत होता, दुसरा कसलाच नाही.

तिने ती डबी पुन्हा सुरू केली आणि बेलचा प्रोग्राम उघडला. तो तिने कधी उघडलाच नव्हता, कारण तो जुन्या प्रोग्रामरचा आणि वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला. पंचवीस-तीस ओळी. मधे एका ओळीत तो तक्त्यातल्या शब्दाचं फक्त पहिलं अक्षर बघत होता. 'ग' असेल तर निरोपातल्या वेळेपासून मिनिटं मोज. 'ग' नसेल तर माणूस ठीक आहे. दोनच शब्द आहेत, मग अख्खा शब्द कशाला वाचायचा, असा त्या काटकसरी गड्याचा हिशेब. 'आलोच' 'आ'ने सुरू होतो. म्हणजे सोमवार सकाळपासून चौसष्टातला कोणीही, कितीही वेळ, कुठेही पडून राहिला असता, तरी ही खोली गप्प राहणार होती.

तिने मान वर करून बोर्डाकडे पाहिलं. आला, आला, आलोच, आला. दुरून दोन्ही शब्द एकसारखेच दिसत. तिने स्वतःच त्यांना एकमेकांच्या शेजारी आणून बसवलं होतं. आणि एक्केचाळिसावी ओळ: आलोच.

पुढे काय करायचं हे तिला पक्कं माहीत होतं, हे इथे सांगितलंच पाहिजे. त्या एका ओळीत अक्षराच्या जागी शब्द घालायचा, मिनिटभराचं काम. घातला की बेल सुरू होईल, जे जे हरवलेत ते लाल होतील, ज्याला सगळ्यात जास्त वेळ झाला तो सर्वांत वर येईल. भिंतीवर मॅडमच्या अक्षरात नियम चिकटवलेला होता: ज्याची वेळ जास्त, त्याला फोन आधी. तो नियम तिच्या डोळ्यांसमोर होता. आणि तिचा हात फोनकडे गेला.

नवऱ्याचा मोबाइल वाजला आणि थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग तिने शीतगृहाच्या फाटकावरचा नंबर शोधला. लावताना दोनदा चुकली. रखवालदाराने उचलला. तिने मिस्त्रींना बघून या म्हणून सांगितलं. कोणते मिस्त्री, त्याने विचारलं. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. बघतो, धरून ठेवा, म्हणाला आणि फोन बाजूला ठेवून गेला.

तिने धरून ठेवला. कानात फाटकावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. थंड खोलीचं दार आतून उघडत नाहीये आणि तो दार बडवतोय, हे चित्र तिला इतक्या वर्षांच्या सरावाने बारीकसारीक तपशिलासकट दिसत होतं. त्याच वेळी समोर बोर्डही दिसत होता. नवऱ्याखेरीज आणखी पाच-सहा ओळींत 'आलोच' होतं. त्यातला कोण दोन मिनिटांपूर्वी तुटलाय आणि कोण दोन तासांपूर्वी, हे बोर्डावर कळत नव्हतं. दुसऱ्या हाताने कीबोर्ड ओढून ती ओळ दुरुस्त करता आली असती. तो हात तिने छातीशी धरून ठेवला होता. एवढं आधी कळू दे, मग सगळं करते, असं ती मनात म्हणत होती, कोणाला म्हणत होती कोण जाणे.

"काय गं?" फोनवर नवऱ्याचा आवाज आला. तोंडात घास होता. "जेवायला बसलोय. डबीची बॅटरी संपली, म्हणून चार्जिंगला लावलीय. काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "सहजच."

फोन ठेवून तिने डोळे पुसले, ओळ दुरुस्त केली. दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. बेलने खोली दणाणली. मुलगी हात न धुताच आतून धावत आली. बोर्डावर चार ओळी लाल झाल्या होत्या आणि सगळ्यात वर टाकीवाला होता. चव्वेचाळीस मिनिटं.

मुलीने त्या इमारतीच्या कचेरीत फोन लावला. भागूबाई बाकीच्यांना लावत होती. एक जण लगेच बोलला, दुसऱ्याच्या मुकादमाने तो समोरच आहे असं सांगितलं, आणि तिसरा तिचा नवराच होता, त्याला करायची गरज नव्हती. मग ती मुलीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. मुलगी नुसती हं, हं म्हणत होती. मग म्हणाली, टाकीत वाकून बघा, नुसती हाक मारू नका. मग बराच वेळ काही नाही. मग मुलीने फोनवर हात ठेवून मागे पाहिलं. जिवंत आहे म्हणाली, पण पाणी चढलंय.

झालं होतं ते असं. टाकी रिकामी करून तो आत उतरला, लोखंडी शिडी निसटली, शिडीसकट तो खाली आला. मांडीचं हाड मोडलं आणि पाय शिडीखाली अडकला. डबी तळाच्या घोटाभर पाण्यात पडून बंद झाली. आणि पाणी येण्याचा व्हॉल्व्ह वरून बंद केलेला असला तरी तो नीट बसत नव्हता, त्यातून बारीक धार सुरूच होती. भिंतीला टेकून बसल्या बसल्या पाणी त्याच्या हनुवटीपर्यंत आलं होतं, तेव्हा माणसं पोचली.

त्या संध्याकाळी भागूबाईने मॅडमना शब्दाचं सगळं सांगितलं. पहिल्या अक्षराचं, स्वतः दहा मिनिटं न थांबल्याचं. नोकरी गेली असंच धरून ती उभी होती. मॅडम म्हणाल्या की पहिल्या अक्षरावर माणसांचे जीव टांगून ठेवणारा तो, 'कर' म्हणणारी मी, आणि शब्द बदलणारी तू, तिघांत वाटून घेऊ. निदान तुझ्या लक्षात तरी आलं. लक्षात आल्याबरोबर दुरुस्त केलंस ना?

"हो," भागूबाई म्हणाली. "लगेच."

बोर्डावर पुन्हा 'गेला' आला. बेल पूर्ववत झाली. आणि भागूबाईची खरी भीती तिथून सुरू झाली. आजवर तिला वाटायचं ते बाहेरच्याचं भय होतं, काही तरी होईल याचं. हे निराळंच होतं. कंपनीतून केलेल्या प्रत्येक फोनची नोंद होत असे. दोन बेचाळीसला एक फोन, एक्केचाळिसाव्या ओळीतल्या माणसाला. लगेच दुसरा. मग फाटकावरचा, लांबलचक. दुरुस्ती दोन अठ्ठेचाळीसला. सहा मिनिटं. कोणीही शेजारी शेजारी ठेवून पाहिलं असतं तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं की तिचं धाबं दणाणायचं. निघायचं काही तरी भलतंच, सुट्ट्यांचा कागद, नव्या डब्यांची ऑर्डर. नवऱ्याने एकदा विचारलं, की त्या दिवशी फोन का केला होतास. काही नाही, असं ती दुसऱ्यांदा म्हणाली. तो सुखरूप असल्याचा आनंद तिला पुरता झालाच नाही. ताटावर समोर बसून जेवताना तो दिसला की तिला तो फोनमधला घास आठवायचा.

अडीच महिन्यांनी टाकीवाला आला. कुबडी काखेत, सोबत कोणी नाही. नवीन डबी न्यायला आलो, म्हणाला. आवाजावरून बोर्डवरच्या मुलीने त्याला पटकन ओळखलं आणि खुर्ची पुढे केली. आवाजावरून तो सगळ्यांना धिप्पाड वाटला होता, निघाला किडकिडीत, पन्नाशीला आलेला. मॅडमही बाहेर आल्या. मॅडमनी भागूबाईकडे हात करून सांगितलं, की चूक हिच्या लक्षात आली म्हणून तुम्ही आज इथे आहात. तो वळून तिच्याकडे बघून हसला, हात जोडायला लागला. तेवढ्यात मॅडमना फोन आला आणि त्या आत गेल्या.

तो भागूबाईला हात जोडत होता. हेच तिला सहन होण्यासारखं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर तिने मान खाली घालून ऐकल्या असत्या.

त्याने आपण होऊनच सांगायला सुरुवात केली. "दहा मिनिटं झाली की इथं बेल वाजते, हे मला पाठ होतं ताई. म्हणून आधी ओरडलोच नाही. दम वाचवला. साठ-साठ करून मोजत बसलो. दहा झाली, म्हटलं आता फोन जाईल. पंधरा झाली. मग वाटलं आपणच मोजायला चुकलो. परत एकपासून सुरू केलं."

"किती वेळा?" तिने विचारलं. तिला ते ऐकायचं नव्हतं तरी विचारलं.

"तीनदा. चौथ्यांदा मोजताना पाणी तोंडाशी यायला लागलं, मग मोजता येईना."

बोर्डवरची मुलगी समोर बसली होती. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. भागूबाईने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मला कळल्यावर मी आधी बेल दुरुस्त केली नाही," ती म्हणाली. "आमचे हे पण याच बोर्डावर आहेत. आधी त्यांना फोन लावला. ते ठीक आहेत हे कळल्यावर बेल दुरुस्त केली. सहा मिनिटं गेली त्यात. हे मी कोणाला सांगितलेलं नाही."

मुलीने मान वर केली. टाकीवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच मावळलं नाही, तसंच विसरल्यासारखं राहिलं. मग त्याने उजव्या हाताची चार बोटं जुळवली आणि आपल्या गळ्यावर, हनुवटीच्या खाली आडवी धरली.

"सहा मिनिटं म्हणजे एवढं," तो म्हणाला. "मी भिंतीवरच्या खुणा बघत होतो. साधारण एवढं."

त्याने हात खाली घेतला. भागूबाईला माफी मागायची होती, पण मागितली तर तो नाही कसा म्हणेल, या विचाराने ती मागवेना. त्याने विचारलं की तुमच्या यजमानांची ओळ कोणती. तिने बोट दाखवलं. तो कुबडीवर रेलून बोर्डाकडे बघत राहिला.

"माझी अठ्ठावन्नावी आहे, पार खाली," तो म्हणाला. "ती काढा आणि त्यांच्या ओळीखाली लावा. अगदी खाली लागून. येईल करता?"

"येईल," ती म्हणाली.

"त्यांच्याकडे तर तुम्ही बघणारच. मग मी पण दिसेन."

तो हे रागाने म्हणाला नाही, आणि विनोदानेही नाही. नवी डबी घेतली, सही केली, उद्यापासून पुन्हा टाकी आहे असं सांगितलं. डॉक्टर अजून महिनाभर नको म्हणतायत, पण घरी बसून डोकं फिरतं. जिन्यावर कुबडीचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला.

त्याच दुपारी तिने ओळ हलवली, आणि मग मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सहा मिनिटांचं सांगितलं. मॅडमनी तिला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाल्या की दुरुस्ती तुझ्याकडेच राहील, पण तू खोलीत एकटी असायची नाहीस, कधीच. त्या क्षणापासून बोर्डवरच्या मुलीने जेवण खुर्चीतच करायला सुरुवात केली. ती पूर्वीसारखी ताई म्हणायची, फक्त थोडं कमी वेळा.

दुसऱ्या दिवशी टाकीवाला अकराच्या सुमारास कामावर पोचला. निरोप आला, तक्त्यात उतरला, नवऱ्याच्या ओळीखाली उमटलं: आला. अकरा वाजून चार मिनिटांनी शब्द बदलला. गेला. तो टाकीत उतरला होता. भागूबाईने घड्याळ समोर ठेवलं आणि मोजायला लागली. चहा आला तो तिने घेतला नाही. अकरा बाराला तिचा हात फोनवर होता. अकरा तेराला पुन्हा 'आला' उमटलं आणि तिने फोनवरचा हात काढला. अकरा वीसला तो परत गेला, अठ्ठावीसला आला. असं दिवसभर चाललं. संध्याकाळी घरी नवऱ्याने बूट काढता काढता सांगितलं, की आज एका खोलीत दार अडकलं होतं, चांगली नऊ मिनिटं आत होतो, तुझ्या बोर्डावर बघून तू घाबरली असशील. भागूबाईने त्याचे बूट उचलून कोपऱ्यात ठेवले. आज दिवसभरात त्याच्या ओळीत काय लिहिलेलं होतं, हे तिला काही केल्या आठवेना.